आपलं दिसणं दुसऱ्यांच्याही उपयोगी कसं आणायचं

माझी भाची १९ वर्षांची आहे आणि दिसायला खरंच फार गोड आहे, लहानपणापासून सगळे तिला हेच सांगत आलेत, आणि मागच्या महिन्यात तिने मला एकदम विचारलं की मावशी, मी छान दिसते याचा माझ्याशिवाय कोणाला काही उपयोग आहे का गं? तिला ग्रुपमधलं कोणीतरी म्हणालं होतं की तुझं काय बाई, तुला सगळं आयतं मिळतं, आणि ते तिच्या मनाला लागलं होतं. मी तेव्हा काहीतरी थातुरमातुर बोलून वेळ मारून नेली आणि नंतर चार रात्री तोच प्रश्न डोक्यात. थोडं वाचलं, थोडं जुनं आठवलं, आणि मग तिला एका वहीत काही गोष्टी करायला सांगितल्या. त्याच इथे लिहितेय. ज्यांना आपण छान दिसतो असं वाटतं त्यांना उपयोग होईल, आणि ज्यांना तसं अजिबात वाटत नाही त्यांना तर जास्तच होईल.

आधी एक दिवस नुसतं मोजा

सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत स्वतःचा चेहरा आपल्याला किती वेळ दिसला ते मोबाईलमध्ये टाइप करत जा. दात घासताना, केस विंचरताना, लिफ्टच्या आरशात, व्हिडिओ कॉलच्या कोपऱ्यातल्या त्या छोट्या चौकोनात, सगळं धरा. भाचीची ४५ मिनिटं भरली आणि ती चांगली नटणारी मुलगी आहे, माझी ११ भरली. बाकी अख्खा दिवस तो चेहरा दुसऱ्यांच्याच डोळ्यांसमोर असतो. आणि आरशात जो दिसतो तोही उजव्याचा डावा झालेला. १९७७ मध्ये मानसशास्त्रातल्या तिघांनी काही जणांना त्यांच्याच चेहऱ्याचे दोन फोटो दाखवले, एक सरळ आणि एक आरशासारखा उलटा, तर ज्याचा चेहरा त्याला उलटा फोटो आवडला आणि मित्रमैत्रिणींना सरळ. म्हणजे आपण ज्या चेहऱ्यावर खूश किंवा नाराज असतो तो बाकीच्यांनी कधी बघितलेलाच नसतो! हे एकदा मोजून बघितलं की 'माझं रूप माझ्यापुरतं' हे वाक्य आपोआप गळून पडतं, म्हणून ही पायरी गाळू नका, कितीही बाळबोध वाटली तरी.

मग वहीत दोन रकाने पाडा

डावीकडे लिहा बघणाऱ्याला काय मिळालं, उजवीकडे लिहा मला काय मिळालं. डावा रकाना भरताना सगळे अडतात, कारण तुला बघून बरं वाटलं असं कोणी येऊन सांगत नाही.

मला डावा रकाना कळला तो आमच्या आत्याच्या आजारपणात. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, सहा बायकांचा वॉर्ड, नववा दिवस, आत्या भिंतीकडे तोंड करून पडलेली आणि जेवणाचं नाव नाही. सकाळच्या पाळीला एक सिस्टर यायच्या, पंचविशीतल्या, देखण्या, आणि नीटनेटक्या इतक्या की कॉलरची घडीसुद्धा मोडलेली नसायची. त्या दारातून आत आल्या की सहाच्या सहा बायका मान वळवायच्या. मी रात्रभर स्टुलावर बसलेली असायचे त्यामुळे मला समोर स्पष्ट दिसायचं, एक जण पांघरूण नीट करून घ्यायची, एक जण ओठ पुसायची, एक जण नुसतीच हसायची. सिस्टर वेगळं काही करत नव्हत्या हो, बीपी बघायचं, गोळ्या द्यायच्या, पुढच्या कॉटकडे जायचं. त्या दिवशी त्या गेल्यावर आत्या म्हणाली, माझा कंगवा कुठे ठेवलास गं? नऊ दिवसांत पहिल्यांदा. केस विंचरून झाले आणि मग तिने शेजारच्या कॉटवरच्या आजींना विचारलं, तुम्हाला पाहिजे का कंगवा?

हे डाव्या रकान्यातलं. सिस्टरना यातलं काहीही मिळालं नाही, बहुतेक त्यांना कळलंही नसेल. आणि एकीने बघितलं म्हणून दुसरीच्या वाट्याचं कमी झालं असंही नाही, सहा जणींना सहा वेळा पूर्ण मिळालं. हे सगळं जाहिरातींनी आपल्या डोक्यात भरलंय असंही नुसतं म्हणता येत नाही, कारण दोन-तीन महिन्यांची बाळंसुद्धा मोठ्यांना सुंदर वाटणाऱ्या चेहऱ्याकडे जास्त वेळ टक लावून बघतात हे १९८७ मध्ये दाखवलं गेलंय, आणि २००१ मध्ये मेंदूच्या स्कॅनमध्ये असं दिसलं की देखणा चेहरा समोर आला की बक्षीस मिळाल्यावर जागा होणारा मेंदूचा भाग कामाला लागतो. बघणाऱ्याला खरोखर काहीतरी मिळतं.

आता उजवा रकाना. हा भराभर भरतो. थॉर्नडाइक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये लष्करातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना दिलेले मार्क तपासले तर ज्याची शरीरयष्टी चांगली त्याला हुशारीत, नेतृत्वात, स्वभावातही चांगले मार्क पडलेले. त्याने याला हेलो इफेक्ट म्हटलं, आपल्याकडे मूर्तीच्या मागे असते ती प्रभावळ, तसं. एका गुणाचा उजेड बाकी सगळ्यावर पडतो. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात विद्यार्थ्यांना नुसते फोटो दाखवून विचारलं की ही माणसं कशी असतील, तर देखण्यांचा स्वभाव चांगला, नोकरी चांगली, संसार सुखाचा असं सगळं चांगलं चांगलं ठरवून टाकलं, फक्त आईबाप म्हणून ते जास्त चांगले असतील असं काही विद्यार्थ्यांना वाटलं नाही. आणि पगाराचं म्हणाल तर १९९४ मध्ये हॅमरमेश आणि बिडल या दोघा अर्थतज्ज्ञांनी अमेरिका आणि कॅनडातली आकडेवारी काढली, दिसायला डावे समजले जाणारे लोक सर्वसाधारण दिसणाऱ्यांपेक्षा ५ ते १० टक्के कमी कमावत होते आणि देखण्यांना त्याहून थोडा कमी पण फायदा होता, आणि हे बायकांपुरतं नव्हतं, पुरुषांतही तेच.

तर भाचीला जे बोलले ते अगदीच खोटं नव्हतं. हे तिला सांगताना मला वाईट वाटलं पण सांगितलं.

उजव्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारा

हे मला मिळालं म्हणून दुसऱ्या कोणाचं गेलं का? बस एवढाच प्रश्न. अनोळखी माणूस माझ्याकडे बघून हसला, कोणाचं काही गेलं नाही, त्याच्यावर फुली मारायची गरज नाही, खुशाल घ्या. रांगेत मला पुढे घेतलं, मागच्या सगळ्यांची दोन-दोन मिनिटं गेली. एकच जागा होती आणि मला मिळाली, मी दुसऱ्या क्रमांकाच्या माणसापेक्षा कामात सरस नसेन तर त्याची जागा गेली. ग्रुप प्रोजेक्टमध्ये सरांनी माझ्याच तोंडून ऐकून घेतलं आणि आयडिया दुसरीची होती, तिचं गेलं. अशा ओळींखाली रेघ मारा. बहुतेकांच्या वहीत अशा दोन-चारच रेघा निघतात, पण त्या निघतात, आणि त्या दिसेपर्यंत आपल्याला वाटत असतं की जग आपल्याशी जसं वागतं तसंच सगळ्यांशी वागतं.

मधलं पण एक असतं, ज्याचा निकाल मला अजून नीट लागलेला नाही. नेदरलँड्समधल्या जाहिरात कंपन्यांचा अभ्यास झालाय, जिथे वरच्या पदावरचे लोक देखणे होते तिथे कंपनीचं उत्पन्न जास्त, आणि त्या लोकांना पगारात जे जास्त मिळालं असेल त्यापेक्षा कंपनीला मिळालेलं कितीतरी जास्त. म्हणजे रूपाचा फायदा ज्याचं रूप त्याच्यापेक्षा सोबतच्या माणसांना अधिक! पण ते ग्राहक आले कुठून, शेजारच्या कंपनीतूनच आले असतील तर एकाच्या ताटातलं दुसऱ्याच्या ताटात गेलं. मी अशी ओळ डावीकडेही लिहिते आणि खाली रेघही मारते.

रेघ मारलेल्या ओळींचं काय करायचं? भाचीला वाटलं आता आपण बावळट कपडे घालून फिरायचं की काय. अजिबात नको, त्याने सिस्टरकडून सहा बायकांना जे मिळत होतं तेही बंद होईल आणि रांगेतल्याला काही परत मिळणार नाही. फक्त तिथल्या तिथे बोला. 'या माझ्या आधी आल्यात.' 'ही कल्पना हिची आहे, तिलाच विचारा ना सर.' चार शब्द लागतात. आणि गंमत अशी की तुमचं बोलणं लोक ऐकतात, तीच प्रभावळ इथे कामाला येते, मागच्या मुलीने स्वतः म्हटलं असतं तर कदाचित ऐकलं नसतं.

तुम्ही मार्क देणाऱ्या खुर्चीत असाल तर

हा भाग मी जीव तोडून लिहितेय कारण मी स्वतः चुकलेय. एका ठिकाणी इंटरव्ह्यूच्या पॅनलवर होते, दिवसभरात नऊ उमेदवार. घरी येऊन माझेच कागद बघत होते तर दोन जणींनी एका प्रश्नाला जवळजवळ शब्दशः सारखं उत्तर दिलेलं, मी दोघींची उत्तरं पेनने टिपून घेतली होती, आणि एकीपुढे ८ आणि एकीपुढे ६. आठवालीचा चेहरा मला लख्ख आठवत होता, सहावालीचा आठवेना. तेव्हा निकाल कळवून झाला होता. अजूनही ते कागद माझ्या कपाटात आहेत, टाकवत नाहीत.

तेव्हापासून मी असं करते. फोटो लावलेला बायोडेटा आला तर दुसऱ्या कोणाला तरी फोटो झाकून झेरॉक्स काढायला सांगते. प्रश्न आधी ठरवलेले, सगळ्यांना तेच, आणि प्रत्येक प्रश्नाचे मार्क उत्तर संपल्या संपल्या लिहायचे, शेवटी 'एकूण कशी वाटली' म्हणून द्यायचे नाहीत, कारण ती प्रभावळ 'एकूण'मध्येच शिरते. जमेल तिथे कामाचा नमुना करून घ्या आणि नाव न बघता तपासा. फक्त फोनवर इंटरव्ह्यू घेतला की झालं असं समजू नका. मोबियस आणि रोझेनब्लॅट यांनी २००६ मध्ये छापलेल्या प्रयोगात लोकांना कॉम्प्युटरवर भूलभुलैया सोडवायला दिला, देखण्यांना तो इतरांपेक्षा काही जास्त चांगला जमला नाही, पण त्यांचा स्वतःवरचा भरवसा जास्त होता, आणि 'मालक' बनवलेल्यांनी त्यांच्याकडून जास्त कामाची अपेक्षा धरली, चेहरा न बघता नुसतं फोनवर बोलले होते त्यांनीसुद्धा! आयुष्यभर कौतुकाने ऐकून घेतलेल्या माणसाचा आवाजच वेगळा होतो.

आणि हाच धागा पुढे घ्यायचाय, माझ्या मते अख्ख्या लेखातलं सगळ्यात कामाचं इथे आहे.

समोरचा देखणा आहे असं धरून बोला

१९७७ मध्ये मिनेसोटातच एक प्रयोग झाला. एकमेकांना कधी न भेटलेले मुलगा आणि मुलगी फोनवर दहा मिनिटं बोलणार. मुलाच्या हातात आधी एक फोटो दिला, तुझ्याशी बोलणारी मुलगी ही असं सांगून. फोटो खोटा, तिचा नाहीच. कोणाला देखण्या मुलीचा मिळाला, कोणाला साध्या. मुलीला यातलं काहीच माहीत नाही. मग रेकॉर्डिंगमधला फक्त मुलीचा आवाज तिसऱ्याच लोकांना ऐकवला, त्यांनाही काही माहीत नाही. आणि ज्या मुलींना 'सुंदर' समजून बोललं गेलं होतं त्या ऐकणाऱ्यांना जास्त मोकळ्या, जास्त प्रेमळ, माणसांत रमणाऱ्या वाटल्या. दहा मिनिटांत! खरं रूप कसं होतं त्याचा काही संबंधच नाही. मुलांचा आवाज वेगळा ऐकवला तर तेही जास्त आपुलकीने बोललेले निघाले, तिथूनच सगळं सुरू झालं होतं.

मी हे वाचून पुस्तक मिटून गप्प बसले. म्हणजे रूपामुळे मिळणाऱ्या गोष्टींतली एक मोठी गोष्ट, ती समोरच्याची आपुलकी, ती आपण रूप नसलं तरी कोणालाही देऊ शकतो, आणि दिली की तो माणूस खरंच तसा व्हायला लागतो.

करायचं कसं ते सांगते कारण 'सगळ्यांशी छान वागा' याने कोणाचं काही होत नाही. दिवसातून एकच माणूस निवडा, शक्यतो असा की ज्याच्या चेहऱ्याकडे आपण बघतच नाही, पार्सल देणारा, कॉल सेंटरवरची बाई, ऑफिसातले कोपऱ्यात बसणारे. फोन उचलायच्या आधी एक सेकंद मनाशी धरा की पलीकडे फार देखणं माणूस आहे. मग आवाज आपोआप अर्धा सूर वर जातो, बोलण्याची घाई कमी होते, वाक्य संपेपर्यंत आपण थांबतो. समोरासमोर असाल तर मोबाईल खिशात, आणि हसायचं तर डोळ्यांनी पण हसा. द्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्येच लिहून ठेवलंय की तोंडाचे कोपरे वर जाणं आपल्या हातात असतं पण डोळ्यांभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदानेच हलतो, म्हणून ओढूनताणून हसू नका, त्याच्यात आवडण्यासारखं काहीतरी शोधा आणि मग बघा. भाचीने कॉलेजच्या लायब्ररीतल्या काउंटरवरच्या काकांवर हे आठ दिवस केलं, पाचव्या दिवशी त्यांनी तिच्यासाठी पुस्तक बाजूला काढून ठेवलं आणि सहाव्या दिवशी तिच्या मागच्या मुलालाही विचारलं, तुला काय हवंय रे?

फोटो टाकण्याआधी

हे थोडक्यात. देखणेपणाने दुसऱ्याचं नुकसान होतं ते बरंचसं तुलनेतून. १९८० मध्ये एक अभ्यास झाला होता, टीव्हीवर सुंदर नायिकांची मालिका बघत बसलेल्या मुलांना एका साध्या मुलीचा फोटो दाखवला तर त्यांनी तिला न बघणाऱ्यांपेक्षा कमी मार्क दिले. म्हणून ग्रुप फोटो निवडताना आपण कुठे सगळ्यात छान आलोय ते शोधू नका, जो फोटो पाचही जणींना चालेल तो टाका, आपले डोळे थोडे मिटलेले का असेनात. फिल्टर लावला असेल तर विचारणाऱ्याला सरळ सांगा, चाळीस काढले आणि हा एक टाकला हेही सांगा. न विचारता कोणाला 'तू केस असे कापले तर छान दिसशील' म्हणू नका. आणि तुमचं कौतुक झालं तर 'छे, मी कुठे, किती जाडी झालेय' असं म्हणू नका, शेजारी तुमच्यापेक्षा जाड मुलगी उभी असते. थँक्यू म्हणा.

आपण छान दिसत नाही असं वाटत असेल तर

१९९२ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठात चार मुली एका वर्गात जाऊन बसल्या, एक १५ वेळा, एक १० वेळा, एक ५ वेळा आणि एक एकदाही नाही. कोणाशी बोलायचं नाही, नुसतं बसायचं. सत्र संपताना वर्गाला चौघींचे फोटो दाखवले तर जी जास्त वेळा आली ती जास्त आवडली, जास्त छान दिसणारी वाटली. आणि माणसं एकमेकांना ओळखायला लागली की कोण किती सुंदर यावरचं त्यांचं एकमत कमी कमी होत जातं, ज्याला त्याला आपलं माणूस छान दिसायला लागतं. म्हणून लपू नका, जात राहा, तिथेच बसा. डाग, पिंपल, वजन, यातलं निम्मं कोणाच्या लक्षातसुद्धा येत नाही. २००० मध्ये एका प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं, त्यांना वाटलं निम्म्या लोकांनी बघितला असेल, प्रत्यक्षात पाव लोकांनी पण नीट बघितला नव्हता.

बघणाऱ्यांनी काय करायचं

डाव्या रकान्यात जे आहे ते मागून घेता येत नाही, ही गोष्ट पुष्कळांना कळत नाही. एखादी मुलगी सुंदर आहे म्हणून तिने हसलंच पाहिजे, बोललंच पाहिजे, फोटो दिलाच पाहिजे असं काही नाही. वॉर्डमधल्या बायकांनी सिस्टरना कधी थांबवून ठेवलं नाही. कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने १७९० मध्येच म्हटलंय की सौंदर्याचा आनंद म्हणजे ती वस्तू आपली व्हावी या इच्छेशिवायचा आनंद. चंद्राकडे बघतो तसं बघायचं, आणि चंद्राला अवघडल्यासारखं होत नाही पण माणसाला होतं, म्हणून थोडंच बघायचं आणि नजर काढून घ्यायची. कौतुक करायचंच तर तिने निवडलेल्या गोष्टीचं करा, रंग, कानातलं, केसांची रचना, आणि उत्तराची वाट न बघता आपल्या कामाला लागा.

नटायचं की नाही, किती नटायचं, याचं मी भाचीला काही सांगितलं नाही, ते तिचं तिने बघावं. वही मात्र ती लिहितेय. परवा तिने मला नवव्या दिवसाचं पान पाठवलं. प्रॅक्टिकलला मायक्रोस्कोप कमी होते, असिस्टंटने तिला हाक मारून आधी दिला, तिने तो मागे उभ्या असलेल्या मुलीकडे सरकवला आणि म्हणाली की सर, ही माझ्या आधीपासून थांबलीये. उजव्या रकान्यात काही नव्हतं, डावीकडे त्या मुलीचं नाव होतं, वर्षभर एका वर्गात असून ते तिला त्याच दिवशी कळलं होतं.